वस्तऱ्याची धार: पथरीपासून चमोट्यापर्यंत

आजोबांचे दोन वस्तरे माझ्याकडे आले तेव्हा दोन्ही बोथट होते. पहिला मी रस्त्यावर पायंडलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिला. ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत पातं चकाकलं. घरी येऊन उजेडात धरलं तर धारेलगत निळसर पट्टा उमटलेला. कार्बन पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असं निळं पडतं आणि त्याला दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, तिथेच उतरतं. त्या वस्तऱ्यानं पुन्हा कधी दाढी झाली नाही. ते चाक विळी-कात्रीसाठी ठीक होतं, वस्तरा तिथे द्यायलाच नको होता.

दुसरा घेऊन मी नागपूरच्या महाल भागात गांधी गेटजवळच्या एका म्हाताऱ्या नाभिक काकांकडे गेलो. गिऱ्हाइकाची दाढी तेही आता अर्धं ब्लेड बसवायच्या उस्तऱ्यानंच करतात, प्रत्येकाला नवं ब्लेड, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या धोकटीत तळाशी फडक्यात गुंडाळलेली पथरी, म्हणजे धार लावायचा दगड होता, आणि खुर्चीमागे खिळ्याला चमोटा, म्हणजे धार सरळ करायचा चामड्याचा पट्टा होता. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा पातं दगडावर ठेवलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. ‘‘जोर कायले लावून राहिला बाबू? वजनानंच धार येते.’’

पुढचं सगळं त्यांनी दाखवलेलं आणि त्यानंतर दर आठवड्याला करून हातात बसलेलं आहे. घरी स्वतःची दाढी स्वतःच्या वस्तऱ्यानं करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: धार पहिल्या दगडावर तयार होते. पुढचे दगड तिला फक्त गुळगुळीत करतात आणि चमोटा तिला सरळ करतो. पहिलं काम कच्चं राहिलं तर नंतर कितीही महाग दगड आणा, दाढी ओढूनच होते.

आधी वस्तरा पारखा

वस्तऱ्याच्या पात्याला जाड पाठ असते आणि समोर धार. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची. एवढं केलं की कोन आपोआप ठरतो, हातानं धरावा लागत नाही. उदाहरण घ्या. पातं १६ मिलिमीटर रुंद असेल आणि पाठ ४.८ मिलिमीटर जाड, तर धारेचा पूर्ण कोन १७ अंशांच्या थोडा वर येतो. बहुतेक चांगले वस्तरे १६ ते १९ अंशांच्या मधे बसतात. सुरीला असा आधार नसतो, म्हणून सुरीला धार लावण्यात मुरलेला माणूसही वस्तऱ्यावर पहिल्यांदा चुकतो. तो सवयीनं पाठ उचलतो.

जुना वस्तरा घेताना भिंगातून बघा. पाठीवर किंवा पोटावर गंजाचे डाग असले तर चालतील. धारेवर गंजाचे खड्डे असले तर सोडून द्या, कारण एक खड्डा घासून काढला की खाली दुसरा निघतो. पातं सपाट काचेवर ठेवून पाठीखालून उजेड दिसतो का पाहा, म्हणजे पीळ पडलेला कळेल. पाठीवरचा घासलेला पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर आधीच्या मालकाचा हात एकीकडे जड होता. अशा वस्तऱ्यालाही धार लागते, पण तो वेळ खातो. जर्मनीतलं झोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफिल्ड या गावांची नावं जुन्या पात्यांच्या बुडाशी कोरलेली दिसतात. तसलं पातं मिळालं तर सोडू नका. शोभेच्या डबीत मिळणारे स्वस्त, चकचकीत वस्तरे मात्र शिकायलाही घेऊ नका. त्यातल्या कित्येकांचं पोलाद मऊ असतं, धार येते आणि पहिल्याच दाढीत पडते. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकला.

दगड

काकांकडे एकच पथरी होती, तळहाताएवढी, वापरून आरशासारखी झालेली. तिच्यावर ते चालू धार ताजी करायचे. पूर्ण बोथट वस्तऱ्याला एका दगडानं भागत नाही. आज सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पाण्यावरचे कृत्रिम दगड: १०००, ४०००, ८००० आणि जमल्यास १२००० ग्रिटचा. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. १००० च्या दगडात कण साधारण १४-१५ मायक्रॉनचे असतात, माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्युल हा नैसर्गिक दगडही वस्तऱ्यासाठी नावाजलेला आहे, पण सुरुवातीला नैसर्गिक दगडांच्या मागे लागू नका. प्रत्येक दगडाचा स्वभाव वेगळा असतो आणि तो ओळखायला आधी चांगली धार म्हणजे काय हे हाताला कळलेलं असावं लागतं.

नवा असो की जुना, दगड आधी सपाट करून घ्या. दुकानातून आलेला दगडही पूर्ण सपाट असेलच असं नाही. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखा. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवा आणि त्यावर दगड घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मधल्याच रेघा उरल्या तर मधे खोलगट आहे, घासत राहा. कडा किंचित गोल करा, नाहीतर तिखट कड धारेला खाच पाडते. वॉटर पेपर इतवारीत लोहा ओळीकडे हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. काच फोटो फ्रेमवाल्याकडून घ्या, जाडसर मागा.

याखेरीज घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहा पट दाखवणारं भिंग लागेल. त्याच्याशिवाय हे काम अंदाजाचं होतं. एक मार्कर पेन आणि वायरवर गुंडाळतात ती काळी इलेक्ट्रिक टेपही जवळ ठेवा. पाठ घासली जाऊ नये म्हणून पाठीवर टेपचा एक थर लावतात. त्यानं कोन साधारण एका अंशानं वाढतो, त्यानं बिघडत काही नाही. पण टेप लावली तर शेवटच्या दगडापर्यंत ठेवा. अर्ध्यात काढली की कोन बदलतो आणि धार दगडाला टेकतच नाही. प्रत्येक दगडाला टेप नवी लावा, जुनी झिजलेली असते.

पहिला दगड, खरं काम

टेबलावर ओला टॉवेल, त्यावर १००० चा दगड, म्हणजे तो सरकत नाही. कृत्रिम दगडांतले काही पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडलं तरी पुरतं. दगडाबरोबर आलेला कागद वाचा.

धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करची रेघ मारा. पातं आडवं टेकवा, पाठ आणि धार दोन्ही दगडावर, आणि धार पुढे ठेवून एक हात ओढा, म्हणजे पातं दगडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा न्या. आता भिंगातून बघा. शाई अगदी धारेच्या टोकापर्यंत गेली का? धारेपासून मागेच पुसली गेली असेल तर दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेलाच नाही. टाचेकडे, म्हणजे मुठीकडच्या बाजूला गेली आणि टोकाकडे राहिली तर पातं सरळ बसत नाही किंवा त्याला किंचित चंद्रकोरीसारखा बाक आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक लोक ते गाळतात आणि मग दोन तास भलत्याच जागी घासत बसतात.

दगड पात्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून हात तिरका ओढतात. सुरुवातीला टाच दगडावर, शेवटी टोक. वरून पाहिलं तर दोन्ही बाजूंचे हात मिळून फुलीसारखी वाट तयार होते. बाकदार पात्याला हात ओढता ओढता टाचेवरून टोकाकडे वजन हळूच सरकवावं लागतं. हात संपला की पातं पाठीवर फिरवा, धारेवर कधीच नाही, आणि परत या. वीस वेळा पुढे, वीस वेळा मागे, मग बघा. धार फारच बोथट असेल तर एका बाजूनं वीस छोटी वर्तुळं, दुसऱ्या बाजूनं वीस, असं आलटून पालटून करा आणि शेवटी तिरक्या हातांनी संपवा. दोन्ही बाजूंना काम सारखंच पडलं पाहिजे.

जोर फक्त या पहिल्या दगडावर, तोही सुरुवातीला, एका बोटाच्या वजनाइतका. दोन्ही बाजूंनी पोखरून पातळ केलेलं पातं दाबलं की वाकतं, धार वर उचलली जाते आणि मागचाच भाग घासला जातो. कितीही घासलं तरी धार का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

पहिला दगड संपला हे कसं ओळखायचं? दिव्याखाली धार वर करून सरळ बघा. कुठे बारीक पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली तर तिथे धार अजून बोथट आहे. खरी धार उजेड परत देत नाही, ती दिसतच नाही. मग स्वयंपाकघरातून पिकलेला टमाटर आणा. पातं टमाटरावर नुसतं ठेवा, दाबू नका, आणि अर्धा इंच सरकवा. साल लगेच फुटली पाहिजे. टाचेशी, मधे आणि टोकाशी, तिन्ही जागी फुटली पाहिजे. त्यानंतर हातावरचे केस त्वचेलगत कापून बघा. तिथेही पूर्ण लांबी सारखी चालली पाहिजे. तिन्ही कसोट्या उतरल्या नाहीत तर ४००० ला हात लावू नका. मला आजोबांच्या वस्तऱ्यावर हे पहिलं काम करायला तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी टोकाकडची शेवटची पांढरी रेघ गेली.

अंगठा धारेच्या लांबीत कधी फिरवू नका. सवयीनं खूप जण तसं करतात आणि कळायच्या आत कापतं. पातं हातातून सुटलं तर पकडायला जाऊ नका, पडू द्या.

पुढचे दगड

दगड बदलण्याआधी वस्तरा, हात आणि टेबल धुवून घ्या. १००० चा एक कण ८००० च्या दगडावर आला तर तोच ओरखडे पाडत राहतो.

४००० वर तिरके पंचवीस-तीस हात, फक्त पात्याच्या वजनानं. भिंगातून १००० चे खोल ओरखडे जाऊन बारीक, एकसारखी ओळ दिसली की थांबा. ८००० वर तितकेच, आणखी हलके. इथे एक खूण मिळते: पातं दगडाला चिकटल्यासारखं वाटतं, जणू पाण्याच्या पातळ थरानं ओढून धरलंय. दोन्ही सपाट पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण टेकले की असं होतं. १२००० वर चाळीस-पन्नास हात, इतके हलके की पातं उचलायच्या बेतात असावं. १२००० चा दगड नसेल तर ८००० वर शेवटचे वीस हात नुसत्या पाण्यात, दगडावरचा काळपट गाळ धुवून टाकून करा. दाढी होते.

जास्त हात म्हणजे जास्त धार नव्हे. बारीक दगडावर शेकडो हात मारले की धारेवर पातळ पापुद्रा तयार होतो. तो पहिल्या दाढीत तुटतो आणि मागे खडबडीत धार राहते. असं झालंसं वाटलं तर धार दगडाच्या कडेवरून एकदा अगदी हलकी ओढून पापुद्रा काढा आणि ८००० पासून पुन्हा सुरू करा.

चमोटा

चमोट्यावर दिशा उलटी असते. दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे आणि धार मागून ओढत येते. धार पुढे गेली की चामडं कापलं जातं. माझ्या पहिल्या चमोट्याला कडेपासून दोन बोटं आत कापल्याची खूण आहे. घाईत फिरवताना पाठ उचलली गेली होती.

दोन-अडीच इंच रुंद आणि अठरा इंच लांब पट्टा बरा. तयार मिळाला नाही तर चपला करणाऱ्या कारागिराकडून झाडाच्या सालीनं कमावलेलं, तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, रंग न चढवलेलं चामडं कापून घ्या. गुळगुळीत बाजू वर ठेवा. शिकताना ते सपाट लाकडी फळीवर चिकटवलेलं बरं, कारण लोंबता पट्टा सैल पडला की वाकतो आणि धार गोल होते. जुन्या जीन्सचा धुतलेला तुकडा दुसऱ्या फळीवर लावा, तो कापडी भाग झाला.

आधी कापडावर वीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास. एक पुढे आणि एक मागे मिळून एक फेरी. पातं पूर्ण आडवं, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला लागलेली. टोकाला पोहोचलात की आधी थांबा. मग पाठ चामड्यावर ठेवूनच पातं फिरवा, बोटांत गोल फिरतं तसं, मनगट न वळवता. मगच परत या. थांबा, फिरवा, चला. पहिले काही आठवडे इतकं सावकाश करा की बघणाऱ्याला कंटाळा येईल. वेग नंतर आपसूक येतो.

काका डोळे मिटून चमोटा चालवायचे. ‘‘आवाज आयक ना बाप्पा, दोन्हीकडचा सारखा पाह्यजे.’’ जाताना आणि येताना एकसारखा मऊ सरसर आवाज आला तर पातं नीट टेकलंय. एका बाजूनं टकटक किंवा खरखर आली तर पाठ उचलली जातेय किंवा एकीकडे दाब पडतोय. डोळ्यांपेक्षा कानांना हे आधी कळतं.

हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट या चामड्यावर लावू नका. ती हवी असेल तर वेगळी फळी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी धार मंद वाटली की त्यावर दहा फेऱ्या मारा. रोज पेस्टवर ओढलं तर धारेचा उतार हळूहळू गोल होत जातो आणि मग पुन्हा १००० पर्यंत जावं लागतं.

दाढीवर पारख

डोक्यावरचा एक केस मुळाकडून चिमटीत धरून धारेवर टेकवा. न ओढता तुटला तर छान. पण केसागणिक फरक पडतो, त्यामुळे शेवटचा निकाल गालावरच.

चेहरा कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं भिजू द्या. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असूनही धारेचे बारीक टवके काढू शकतो. असं मुख्यतः तेव्हा होतं जेव्हा केस वाकून धारेला तिरका लागतो आणि त्या जागी पोलादाची रचना एकसारखी नसते. भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो, म्हणून भिजवण्यात कंजुषी नको. कातडी ताणून धरा आणि पाठ त्वचेपासून साधारण एक ते दीड पाठीच्या जाडीइतकी दूर ठेवा, म्हणजे कोन तीस अंशांच्या आसपास पडतो. पहिल्या दिवशी फक्त दोन्ही गाल करा, हनुवटी नंतर.

केस ओढले जात असतील तर १००० वरचं काम कच्चं आहे. केस कापले जातात पण कातडी चुरचुरते, तर शेवटचा दगड कमी पडला किंवा चमोटा कमी झाला. तिसऱ्या-चौथ्या दाढीपर्यंत चांगलं होतं आणि मग अचानक बिघडलं, तर चमोट्यावर पाठ उचलली जातेय. नीट राखलेली धार घरच्या वापरात दोन-तीन महिने सहज जाते. मग १२००० वर दहा-पंधरा हात आणि चमोटा, बस.

हा वस्तरा एकाच माणसाचा. भावाला, मुलालाही देऊ नका. बारीक कापलं तरी रक्त लागतं, आणि कावीळ व एचआयव्हीसारखे आजार त्यातून पसरू शकतात.

नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा

दाढी झाली की पातं धुवा, मऊ फडक्यानं पाठीकडून धारेकडे पुसा, बिजागरीपाशी अडकलेलं पाणी कागदाच्या घडीनं काढा. मग कोरड्या कापडावर पाच-सहा फेऱ्या. वस्तरा लगेच मिटू नका, तासभर उघडा राहू द्या, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि चामडं कागदासारखं कडक होतं. तेव्हा धुतलेला, कोरडा तळहात चमोट्यावर जोरात घासा, रोज पंधरा-वीस वेळा. हाताचा तेलकटपणा त्याला पुरतो. गोडंतेल किंवा खोबरेल ओतू नका, चामडं चिकट होतं आणि धूळ धरतं. आणि उन्हाळ्यात वस्तरा कूलरच्या खोलीत ठेवू नका. बाहेर हवा कितीही कोरडी असली तरी त्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून दिवसभर ओल येत असते. एका मे महिन्यात चार दिवस बाहेरगावी गेलो होतो, घरात कूलर चालूच होता. परत आलो तर धारेवर तांबूस ठिपक्यांची बारीक रांग होती. ८००० पासून पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून वस्तरा लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात असतो.

पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरवून ठेवा आणि दाढीआधी साबणानं धुवा. चमोटा भिंतीला टेकलेला नको, मधे हवा खेळली पाहिजे, नाहीतर मागच्या बाजूला पांढरी बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका, एक दिवस सावलीत वाळवा, उन्हात नाही. दगड मात्र डबीत घालायच्या आधी पूर्ण वाळू द्या. श्रावणात त्याला दोन दिवसही लागतात.